दाराजवळचं टेबल

माझ्या नवऱ्याच्या नावाने रुग्णालयात लावायच्या पाटीवरचा मजकूर तिथल्या अधीक्षक साहेबांनी आमच्या बाहेरच्या खोलीत बसून स्वतः वाचून दाखवला. आवाज अगदी मधात घोळवलेला. 'घरदार विसरून ज्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली' इथपर्यंत ते आले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला आणि मीच प्यायले.

"कोण घरदार विसरलं?" मी विचारलं.

साहेब हसले. म्हणाले, काकू, असं लिहायची पद्धत असते, मोठ्या माणसांबद्दल असंच लिहितात. लिहीत असतील बापडे. पण मोठ्या माणसाच्या बायकोला विचारून लिहीत नाहीत, असं दिसतं. माझा नवरा घर विसरला असता तर मला कळलं नसतं? मी काय शेजारच्या घरात राहत होते?

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. शिकणारा भलतीकडे निघाला की मी तो दाबते. इतकी वर्षं दाबला की आता कुणी नुसतं भलतंसलतं बोलायला लागलं तरी माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. साहेब बसले होते तेवढा वेळ तो उचललाच गेला नाही.

तर ऐका, माझा नवरा कसा होता ते. मी त्यांना घरातही 'डॉक्टर'च म्हणायचे. डॉक्टर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी दारात हजर. बाहेर काहीही होवो. आता त्यांचं काम इतकं सावकाश, की तोवर सगळे रुग्ण बघून कसे व्हायचे? नाहीच व्हायचे. मग उरलेल्यांना ते घरी घेऊन यायचे. चपला-बुटांच्या कपाटाशेजारी एक बाकडं टाकलं होतं, त्यावर ती मंडळी ओळीने बसायची आणि आमचं पोरगं त्यांच्या मध्ये बसून अभ्यास करायचं. खोकणाऱ्या माणसाला पाढे म्हणायला लावायचं. तो आता शाळेत गणित शिकवतो, घरात सगळे त्याला मास्तरच म्हणतात. त्याची शिकवण्याची सुरुवात त्या बाकड्यावर झाली. मी ओरडायचे की हे घर आहे की धर्मशाळा, आणि ओरडता ओरडता सगळ्यांना पाणी द्यायचे.

पोराची नखं डॉक्टरच कापायचे, आणि इतकी हळू कापायचे की ते झोपून जायचं. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या तेच घालायचे. वाईट घालायचे, त्यांनी घडी घातलेला सदरा न घातलेल्यापेक्षा जास्त चुरगळायचा. पत्त्यांत सर्रास फसवायचे, आणि पकडले गेले की गंभीर चेहरा करून पकडणाऱ्याचीच नाडी बघायला घ्यायचे. मी अख्ख्या शहराला गाडी शिकवली, नवऱ्याला मात्र नाही शिकवता आली. रस्त्यात ओळखीचा चेहरा दिसला की हे गाडी थांबवून काच खाली करणार आणि विचारणार, काय, पोट कसं आहे? मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी मीच हात जोडले.

असा माणूस घरदार विसरला म्हणे.

पण पाटीच्या रागापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती, आणि साहेबांना वाटत होतं की ती मला ठाऊक नाही. त्यांना डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीचं स्मृतिदालन करायचं होतं. आत तसबीर, टेबल, खुर्ची, पुढे दोरी. लोकांनी दोरीबाहेरून बघायचं आणि पुढे जायचं. आणि त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी माझी सून रुग्ण बघते. तीही डॉक्टर. सासऱ्याच्या हाताखाली शिकली, त्यांच्यासारखंच हळू काम करते, आणि साहेबांच्या डोळ्यांत तेच खुपत होतं. तिला आधीच बजावलं होतं की टेबल इतरांसारखं खिडकीशी न्या, माणसं पटापट बाहेर काढा, नाहीतर दाखल्यांवर सह्या करायच्या विभागात जाऊन बसा. ती ऐकेना. मग साहेबांना ही युक्ती सुचली. सासऱ्याला इतका मान द्यायचा की सुनेला बसायला जागाच उरू नये. स्मृतिदालन उघडलं की दुसऱ्या दिवसापासून ती सह्यांना.

आता टेबलाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

सगळ्या डॉक्टरांची टेबलं खिडकीशी असतात. उजेड चांगला येतो. डॉक्टरांचंही तसंच होतं, सुरुवातीला. तेव्हा त्यांच्याकडे एक शिंपीण आली. खांदा दुखतो म्हणाली. दिवसभर शिवणयंत्रावर वाकायचं तर खांदा दुखणारच. त्यांनी औषध दिलं, व्यायाम सांगितला, ती उठली. दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला आणि वळून काहीतरी म्हणाली. हे खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, नळाखाली हात धूत होते. नीट ऐकू आलं नाही. 'हं, हं' म्हणाले. ती गेली, पुढचा माणूस आत आला.

काही महिन्यांनी तिला स्ट्रेचरवर झोपवूनच आणलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, त्या दिवशी दारात तुम्ही काय म्हणाला होता? ती म्हणाली, छातीत गाठ लागतेय म्हटलं होतं, तुम्ही हं म्हणालात, मला वाटलं काही विशेष नसेल.

त्या संध्याकाळी डॉक्टर घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. बूटही काढले नाहीत. मी जवळ जाऊन बसले. म्हणाले, माणूस खुर्चीत बसून मला जे दुखणं सांगतो ते त्याने मला दाखवायला आणलेलं असतं, खरं दुखणं तो कडीवर हात ठेवल्यावर सांगतो, आणि मी तेव्हा हात धूत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबल ओढत दाराशी नेलं. खुर्ची इतकी दाराला लागून, की कडीवर ठेवलेला हात त्यांच्या हाताजवळ यायचा. तपासणी झाली, रुग्ण उठला, कडीला हात लावला की हे पेन खाली ठेवायचे आणि मान वर करून विचारायचे, "आणखी काही?" मग गप्प बसायचे. लोकांना गप्प बसता येत नाही हो. यांना यायचं. आणि मग तो माणूस म्हणायचा, तसं काही नाही डॉक्टर, पण... त्या 'पण'साठी माझ्या नवऱ्याने हयात घालवली.

रुग्णालयाला हे आवडणार नव्हतंच. दार अडतं, रांग तुंबते, बघायला बरं दिसत नाही. तेव्हाच्या अधीक्षकांनी हुकूम काढला. संध्याकाळी त्यांची माणसं टेबल खिडकीशी नेऊन ठेवायची, सकाळी हे ओढून पुन्हा दाराशी आणायचे. रोज. वर्षानुवर्षं. यांची कंबर धरली. दुसऱ्यांना सांगायचे वजन उचलू नका, आणि स्वतः सगळ्यांच्या नाकावर टिच्चून टेबल ओढायचे. मग एक शिकाऊ मुलगी न सांगता दुसऱ्या बाजूने टेबल धरायला लागली. तीच एके दिवशी काम संपवून निघताना कडीवर हात ठेवून उभी राहिली. यांनी सवयीने विचारलं, आणखी काही? ती म्हणाली, सर, तसं काही नाही, पण तुमचा मुलगा. अशी ती आमची सून झाली.

घरातही तेच. मास्तर कॉलेजला निघाला की हे दारात उभे. आणखी काही? एकदा तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, बाबा, मला डॉक्टर व्हायचं नाहीये. हे म्हणाले, बरं, मग संध्याकाळी सावकाश बोलू, छत्री घेऊन जा. संपलं. मलाही विचारायचे, रोज, मी गाडीची किल्ली घेऊन निघाले की. मी दारात कुजबुजणारी बाई नाही. मला जे बोलायचं ते मी घराच्या मधोमध उभी राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलते. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असायचं, काही नाही, सरका, मला उशीर होतोय. ते सरकायचे, पण हसायचे.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. फार रखडले नाहीत. पण शेवटच्या आठवड्यातही, रजा संपली म्हणून परत निघालेल्या त्यांच्या भावाला, सलाईन बदलून जाणाऱ्या नर्सला, सगळ्यांना विचारत होते. त्या नर्सने आपल्या सासूचं गाऱ्हाणं त्यांना सांगितलं, आणि आवाज जेमतेम फुटत असताना त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

साहेबांना मी सांगितलं, येते मी कार्यक्रमाला, आणि बोलतेसुद्धा. ते खूश होऊन गेले. चहा न पिताच. रात्री जेवताना मास्तर म्हणाला, आई, जाऊ दे ना. त्याचं हे पाळण्यातलं वाक्य आहे. सून म्हणाली, आई, तुम्ही त्रास करून घेऊ नका, माझं मी बघते. मी म्हटलं, तू तुझे रुग्ण बघ, मी बाकीच्यांना बघते.

कार्यक्रमाच्या दिवशी तपासणी बंद ठेवली होती. आजारी माणसांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे बाहेरची बाकं भरलेली, आणि माणसं भिंतीला टेकून उभी. आत गेले तर खोली ओळखू येईना. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळा गालिचा. टेबल खिडकीशी, त्यावर नवं पॉलिश. त्यामागे कातडी खुर्ची, जी डॉक्टरांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांची लाकडी होती आणि बसलं की कुरकुरायची. पुढे जाड लाल दोरी. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली. पहिल्या ओळीत विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी. सून मागे उभी होती, पांढऱ्या कोटात, आणि मास्तर तिच्या शेजारी घाम पुसत.

साहेब छान बोलले. म्हणाले, डॉक्टर म्हणजे झपाटा, इकडे रुग्ण आला की तिकडे बरा होऊन बाहेर. दाराबाहेरच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने हसलं. म्हणाले, त्यांनी घराकडे ढुंकून पाहिलं नाही, तरुण डॉक्टरांनी हाच आदर्श ठेवावा. असं म्हणताना सुनेकडे बघितलं. मग मला बोलावलं.

मी उभी राहिले. "साहेबांनी ज्या गृहस्थांचं वर्णन केलं त्यांना मी ओळखत नाही," मी म्हटलं. "माझं लग्न दुसऱ्याच कुणाशी झालं होतं."

मग मी सगळं सांगितलं. बाकडं, नखं, चुरगळलेल्या घड्या. शिंपिणीचं सांगितलं. मी म्हटलं, या माणसाला तुम्ही हळू काम करतो म्हणून आयुष्यभर टोचलंत, आणि आता तो मेला, उलट बोलू शकत नाही, तर त्याच्या नावाने त्याच्याच सुनेला हाकलताय. तो घर विसरला नाही आणि रुग्णही विसरला नाही, कारण तो दोघांशी एकच गोष्ट करायचा. निघालेल्या माणसाला थांबवून विचारायचा. हे तुम्हाला पाटीवर लिहायला जमणार नसेल तर पाटी कोरी ठेवा.

"आणि ते टेबल चुकीच्या जागी आहे," मी म्हटलं आणि दोरी सोडली.

साहेबांचा 'काकू' तिथे संपला. "बाई, कार्यक्रम चालू आहे," ते म्हणाले.

"माझाही," मी म्हटलं आणि टेबलाला हात घातला.

ते हलेना. गालिच्यात पाय रुतले होते आणि मीही काही कोवळी राहिलेली नाही. मागून कुणीतरी आलं. मला वाटलं सून असेल. मास्तर होता. जन्मभर 'जाऊ दे' म्हणणारा माझा मुलगा गुडघ्यांवर बसला आणि त्याने गालिचा गुंडाळायला घेतला. पाहुण्यांना पाय उचलायला लावले, सॉरी सॉरी म्हणत, पण गुंडाळला. खाली फरशी दिसली आणि फरशीवर ओरखडे दिसले. खिडकीपासून दारापर्यंत, एकावर एक, इतके की फरशीला खळगा पडला होता. इतक्या सकाळींच्या त्या खुणा, पॉलिशवाल्याला घालवता आल्या नव्हत्या म्हणून गालिच्याखाली लपवलेल्या. मी टेबलाची कड आणखी घट्ट धरली. सुनेने दुसरी बाजू धरली. आम्ही तिघांनी ते त्याच ओरखड्यांवरून दाराशी नेलं.

मग मी दार उघडलं आणि मैदानात शिकाऊ चालकांना हाक मारते त्या आवाजात म्हटलं, "पुढचं कोण?"

एक गुडघा सुजलेले आजोबा काठी टेकत उठले. साहेब दारातच उभे होते, हात आडवा धरून. सून खुर्ची ओढून टेबलामागे बसली. तिने गळ्यातली नळी सारखी केली, साहेबांकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, "सर, जरा सरकता का? रुग्णाला आत येऊ द्या."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. त्या बाई काठी टेकून उठल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, चला, आपण बाहेर बसू, इथे काम चालू आहे. मग काय, सगळे उठले. साहेब सर्वांत शेवटी निघाले. त्यांनी कडीला हात लावला आणि सुनेने, खरंच निव्वळ सवयीने, विचारलं, आणखी काही, सर? साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. गेले. आज ना उद्या बोलतील, त्यांनाही काहीतरी दुखत असणारच.

सह्यांच्या विभागाचा विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही. साहेब माझ्यावर अजून रागावलेत. रागावू देत. टेबल पुन्हा खिडकीशी गेलं तर सकाळी मी आहे, मास्तर आहे, आणि माझ्याकडे गाडी शिकणारी धडधाकट माणसंही पुष्कळ आहेत.

त्या दिवशी मी तिथेच कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिले. पाटी तोंड भिंतीकडे करून ठेवली. आजोबांनी गुडघा दाखवला, औषध घेतलं, उठले, कडीला हात लावला, आणि सुनेने विचारल्यावर म्हणाले की तसं काही नाही, पण बायको गेल्यापासून जेवणच जात नाही. सुनेने त्यांना परत बसवलं. मग पुढचा माणूस, मग त्याच्या पुढचा. बाहेरची बाकं रिकामी होईपर्यंत उजेड उतरला होता.

मी उठले, पर्स घेतली. सुनेला म्हटलं, लवकर ये, मास्तर स्वयंपाकाला पुढे गेलाय, म्हणजे काहीतरी करपलेलं असणार. आणि कडीला हात लावला.

तिने पेन खाली ठेवलं. मान वर केली.

"आई," ती म्हणाली. "आणखी काही?"

काही नाही, सरक, मला उशीर होतोय, हे माझं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. ती गप्प होती. तिलाही गप्प बसता येतं, त्यांच्याकडूनच शिकली. कडी हाताला गार लागत होती, आणि बाहेर रस्त्यावर एकेक दिवा लागत होता.

"तसं काही नाही," मी म्हटलं. "पण दिवे लागायची वेळ झाली की मी अजून दाराकडे बघते गं. मला त्यांची फार आठवण येते."

तिने स्टूल दाराजवळ ओढलं. "बसा," म्हणाली.

मी बसले.